टपावर सर्फबोर्ड बांधून पुण्यातून समुद्र गाठायचा तर

पुण्यात समुद्र नाही, तरी सर्फिंगचं खूळ डोक्यात घेतलेली बरीच मंडळी इथे आहेत. त्यांचा पहिला प्रश्न लाटांचा नसतोच, बोर्ड न्यायचा कसा हा असतो. आठ फुटी फोमी, म्हणजे शिकाऊ लोकांचा मऊ फोमचा बोर्ड, घरी येतो, लिफ्टमध्ये मावत नाही, जिन्याने वळवून वळवून खाली आणावा लागतो, आणि मग पार्किंगमध्ये उभे असलेले कुणीतरी काका सांगतातच, अरे टाक टपावर, सुतळीने आवळ, आम्ही गाद्या नेल्यात अशा सदाशिव पेठेतून वारज्यापर्यंत. काकांचं ऐकू नका. गादी चाळीसच्या स्पीडने गावातल्या गावात गेली, तुम्ही हायवेला ९० ने जाणार आहात, आणि बोर्डचा आकार पाण्यावर तरंगून सटकण्यासाठी केलेला असतो, त्यामुळे त्याच्या खाली वारा शिरला की तो वर उचलला जातो.

म्हणजे मुद्दा वजनाचा नाहीच. आठ फुटी फोमी सहा-सात किलोचा असतो, टपाला त्याचं काही वाटत नाही. पण लोक बांधतात मात्र तो खाली पडू नये म्हणून. खरं तर बांधायचा असतो तो वर उडू नये आणि बाजूला सरकू नये म्हणून. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं आपोआप सुचतं, पट्टा कुठून घ्यायचा, बोर्ड पालथा का घालायचा, मध्ये थांबून काय बघायचं, सगळं.

त्याआधी एक बघा, टपाची गरज आहे का. सहा फुटांच्या आसपासचा शॉर्टबोर्ड असेल तर पुढची डावी सीट पूर्ण मागे पाडून बोर्ड बऱ्याच हॅचबॅकमध्ये आतच बसतो, फक्त मग तुम्ही दोघंच जाऊ शकता आणि मागच्याने ड्रायव्हरच्या पाठी गप बसायचं. मुळशी किंवा पवनेला सपाट पाण्यात पॅडल मारायला हवा भरायचा सप, म्हणजे उभं राहून वल्हवायचा बोर्ड, नेत असाल तर तो बॅगेत घडी होऊन डिकीत जातो, तुम्हाला या लेखाची गरजच नाही. सात फुटांपासून पुढे मात्र टपाशिवाय पर्याय नाही.

आता गाडीकडे बघा. टपावर दोन्ही कडांना उभे रेल असतील तर त्यावर आडवे क्रॉसबार बसवायचे, हे सगळ्यात चांगलं. पण आपल्याकडे कितीतरी गाड्यांचे रेल नुसते शोभेचे असतात, चिकटवलेले, त्यांच्यावर काही बांधायची परवानगीच नसते, त्यामुळे गाडीचं मॅन्युअल काढून टपावर किती किलो चालतं ते वाचा, आणि लक्षात ठेवा की त्या आकड्यात रॅकचं स्वतःचं वजनही धरायचं असतं. रेल नसतील तर दाराच्या चौकटीला पकडणारे क्लॅम्पवाले बार मिळतात, ते मात्र तुमच्याच मॉडेलचे घ्यायचे, दुकानदार म्हणेल सगळ्यांना बसतं, तर बसत नाही. दोन बारमधलं अंतर ७०-८० सेंटिमीटर तरी पाहिजे, त्याहून जवळ असले की बोर्ड पुढे-मागे डुलायला लागतो. बार वेल्डिंग करून पक्का करून घ्यायच्या भानगडीत पडू नका, तो गाडीतला बदल धरला जाऊ शकतो, काढता-घालता येणाराच ठेवा.

बार नकोच असतील तर सॉफ्ट रॅक असतो, म्हणजे दोन फोमच्या उश्या आणि त्यांचे पट्टे दारातून आत घेऊन आवळायचे. स्वस्त आहे, घडी करून डिकीत टाकता येतो, भाड्याच्या गाडीवर चालतो. पण त्यात तीन गोष्टी बघायच्या. एक म्हणजे सनरूफ. हल्ली प्रत्येकाला सनरूफ पाहिजे, त्यातून डोकं किती वेळा बाहेर काढतात देव जाणे, पण काचेवर उशी ठेवून आवळायचं नाही, पॅनोरॅमिक असेल तर सॉफ्ट रॅकचा विचारच सोडा. दुसरी एअरबॅग. सहा एअरबॅगवाल्या गाडीत कर्टन एअरबॅग दाराच्या वरच्या कडेतून खाली उघडते, आणि सॉफ्ट रॅकचा पट्टा बरोबर तिथूनच आत येतो, तेव्हा अशा गाडीला बाहेरून बसणारे बारच घ्या. आतल्या हँडलला दोरी बांधायची कल्पना तर कुणाचीही येऊ नये, तरी येते. तिसरी गोष्ट धूळ. पुण्यात रात्रभर गाडी बाहेर उभी राहिली की टपावर बोट फिरवून नाव लिहिता येतं, त्या धुळीवर उशी ठेवून आवळली की गावी पोचेपर्यंत रंगाला पॉलिश पेपर घासल्यासारखे ओरखडे. ओल्या फडक्याने टप पुसायचा, सुकवायचा, मग उश्या ठेवायच्या, आणि त्या मधोमध नाही तर दारांच्या वर, जिथे पत्रा कडक असतो तिथे.

खरेदी अगदी थोडी आहे पण पट्ट्यांवर पैसे वाचवू नका. तुम्हाला पाहिजेत कॅम बकलचे पट्टे, म्हणजे ज्यात नुसतं बोटाने दाबून पट्टा ओढायचा आणि सोडलं की दातांमध्ये अडकतो तसले, तीन-साडेतीन मीटर लांब, निदान दोन आणि एक जास्तीचा. टेम्पोवाले वापरतात ते खटखट करून आवळायचे रॅचेटचे बेल्ट नकोत, त्याने माणसाच्या हाताला कळायच्या आत इतका दाब येतो की बोर्डची कड चिरते, फायबरचा बोर्ड असेल तर आवाजही येतो, आणि तो आवाज ऐकावासा वाटत नाही. हुकवाला लवचिक बंजी तर कधीच नाही. बंजी ताणला जातो, म्हणजे वारा बोर्ड उचलायला लागला की तो अडवण्याऐवजी त्याच्याबरोबर लांब होतो. पट्टा पॉलिएस्टरचा आहे ना हे बघून घ्या, नायलॉन पाण्याने भिजला की सैल पडतो, पॉलिएस्टर फारसा पडत नाही. बारला गुंडाळायला फोमच्या महागड्या पॅडची गरज नाही, एसीच्या कॉपर पाइपवर घालतात तो काळा फोमचा पाइप हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळतो, एका बाजूने चिरला की बारवर चढतो, दोन ठिकाणी टेप मारा, झालं. दोरी, हुक, सटरफटर सगळं बोहरी आळीत एका चकरेत होतं, फक्त दुचाकीवर जा.

आता बोर्ड चढवायचा. आधी फिन्स, म्हणजे बोर्डच्या पोटाला शेपटाकडे असतात ते पंख. बोर्ड बॅगेत घालून नेणार असाल तर काढा, दाबून बसणाऱ्या असतील तर हाताने निघतात, स्क्रूच्या असतील तर छोटी ॲलन की लागते आणि ती ऐन वेळी सापडत नाही म्हणून बॅगेच्या चेनलाच बांधून ठेवायची. फोमीच्या फिन्स आरपार स्क्रूने बसवलेल्या असतात, त्या राहू द्या.

बोर्ड पालथा ठेवायचा, म्हणजे आपण उभे राहतो ती, पाय घसरू नये म्हणून मेण लावलेली बाजू खाली. याला दोन कारणं आहेत. बोर्डचं टोक वरच्या बाजूला वळलेलं असतं, सुलटा ठेवला तर ते वळण समोरच्या वाऱ्याला सरळ आत घेतं आणि बोर्ड उचलतं, पालथा ठेवला की तेच वळण खाली येतं आणि वारा बोर्डला टपावर दाबतो. आणि दुसरं म्हणजे मेण सावलीत राहतं. पुढे टोक ठेवायचं का शेपूट यावर लोक तासतास भांडतात. मी शेपूट पुढे ठेवायच्या बाजूचा, कारण फिन्स लावलेल्या असतील तर त्या वर तोंड करून पुढच्या पट्ट्याच्या पुढे येतात, आणि बोर्ड वाऱ्याने मागे सरकायला लागला तरी फिन्स पट्ट्याला अडून बसतात. फिन्स काढलेल्या असतील तर हा फायदा नाही, मग टोक पुढे ठेवलंत तरी चालेल, पण पालथाच. दोन-तीन बोर्ड असतील तर सगळ्यात मोठा खाली, मध्ये जुना टॉवेल, आणि एकावर एक किती चालतात ते रॅकवर लिहिलेलं असतं तेवढेच, चौथा मित्र आला म्हणून चौथा बोर्ड नाही.

मागे शार्क फिनसारखी अँटेना असते तिला बोर्ड टेकत नाही ना बघा, काडीची अँटेना असेल तर फिरवून काढून ठेवा.

पट्टा घालताना घाई करू नका, सगळी गंमत इथेच आहे. बकलवालं टोक स्वतःच्या बाजूला हातात ठेवायचं आणि मोकळं टोक पलीकडे टाकायचं, उलटं केलं की लोखंडी बकल पलीकडच्या काचेवर नाहीतर पलीकडे उभ्या असलेल्या माणसाच्या कपाळावर. पलीकडच्याने ते टोक बारच्या खालून घालून परत बोर्डवरून तुमच्याकडे फेकायचं. तुम्ही ते तुमच्या बाजूच्या बारखालून वर आणून बकलमध्ये घालायचं. यात एक बारीक गोष्ट बरेच जण चुकवतात, पट्टा बारखालून जातो ती जागा बोर्डच्या कडेला अगदी चिकटून पाहिजे. बोर्डची कड आणि पट्टा यांच्यात हातभर मोकळी जागा राहिली तर तुम्ही वरून कितीही आवळा, वळणावर बोर्ड त्या जागेत सरकणार, आणि सरकला की पट्टा सैल. बकलमध्ये पट्टा खालच्या फटीतून वर काढायचा, वरून खाली घातला तर ओढताना बसल्यासारखा वाटतो आणि हात सोडला की निसटतो. बकल बोर्डच्या कडेवर नाही, कडेच्या थोडं खाली, आणि त्याच्यामागे फोमचा तुकडा.

आवळायचं किती, तर एका हाताने, अंगाचं वजन न टाकता, जेवढं ओढलं जातं तेवढं. मग बोर्डला धरून हलवा. बोर्ड हलता कामा नये, बोर्डबरोबर अख्खी गाडी सस्पेन्शनवर डोलली पाहिजे. फोम दबतोय, कडेला खळगा दिसतोय असं झालं तर जास्त झालं, थोडं सोडा. उरलेल्या शेपटाला बकलच्या खाली दोन साध्या गाठी मारा, म्हणजे बकलने दगा दिला तरी पट्टा पूर्ण निघत नाही, आणि बाकीचं टोक दारात चेपून टाका, नाहीतर ते सातारा येईपर्यंत पत्र्यावर टपटप वाजत राहतं. पट्टा हवेत मोकळा जातो तिथे त्याला एक पीळ द्या, सपाट पट्टा ६० च्या वर गेलात की असा घूंऽऽ करून वाजतो की गाडीत गाणं ऐकू येत नाही, एका पिळाने बंद होतो.

नऊ फुटी लाँगबोर्ड असेल तर दोन पट्टे पुरेसे नाहीत, पुढचं टोकही बांधा. बॉनेट उघडलं की बाजूला बोल्ट असतात, त्यात अडकवायचे पट्टीचे फासे मिळतात, ते बॉनेटच्या फटीतून बाहेर काढून त्यांना दोरी. नाहीतर बऱ्याच गाड्यांच्या टूलकिटमध्ये टोइंगचा स्क्रूवाला हुक असतो, बंपरवरचं छोटं झाकण काढून तो बसवायचा. दोरीला मार्केट यार्डातले टेम्पोवाले मारतात ती मध्ये फास करून ओढायची गाठ मारा, ती येत नसेल तर एखाद्या टेम्पोवाल्याला चहा पाजून शिका, पाच मिनिटांचं काम आहे. ही दोरी फार आवळायची नाही, बोर्ड वाकेल, नुसती ढिली नको एवढंच. आणि लीशची, म्हणजे बोर्ड पायाला जोडणाऱ्या पट्ट्याची, बारीक दोरी जिथे अडकवतो त्या भोकाला काही बांधू नका, ते एवढा ओढ घ्यायला केलेलं नसतं.

बोर्ड गाडीच्या पुढे-मागे बाहेर आला तर काय, असं विचारणारे बरेच असतात. साध्या हॅचबॅकची लांबी ३.८५ मीटरच्या आसपास असते आणि नऊ फुटी बोर्ड २.७४ मीटरचा, म्हणजे नीट मधोमध ठेवला तर बंपरच्या बाहेर यायचं कारणच नाही. पण मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९४ मध्ये ठरलेल्या मापाबाहेर निघालेल्या मालाला २०,००० रुपये दंड आला आहे, तेव्हा हवालदाराशी वाद घालत बसण्यापेक्षा निघायच्या आधी बोर्ड मध्ये सरकवलेला बरा. मागचं टोक काचेच्या बाहेर येत असेल तर त्याला लाल फडकं बांधा, मागच्या बाइकवाल्याला दिसतं.

उंचीचं मात्र आधीच मोजून ठेवा. ब्रेझा १६८५ मिलिमीटर उंच आहे, त्यावर बार, त्यावर बॅगेतले दोन बोर्ड, म्हणजे दोन मीटरच्या घरात जाताय, आणि सोसायटीच्या बेसमेंटमध्ये स्प्रिंकलरचे पाइप कुठे खाली आलेत ते आपल्याला रोज जाऊनही माहिती नसतं. बोर्ड चढवायचे ते बेसमेंटच्या बाहेर. परत येताना रात्री अकराला झोपेच्या नादात सरळ उतारावरून आत घुसू नये म्हणून स्टिअरिंगला एखादी रिबन किंवा रबर बांधून ठेवा.

रस्ता. बहुतेक जण उत्तर गोव्यात, अश्वे-मांद्रे-मोरजीकडे जातात, काही मालवणकडे, आणि ज्यांना खरंच शिकायचंय ते थेट कर्नाटकात मुल्कीपर्यंत. नवीन बांधलेला पट्टा पहिल्या अर्ध्या तासात बसतो, म्हणजे फोम दबतो आणि पट्टा थोडा ढिला होतो, हे प्रत्येक वेळी होतंच. म्हणून खेड शिवापूरचा टोलनाका ओलांडला की बाजूला घ्या, उतरून पुन्हा ओढा. कात्रज, नवले पूल, स्पीडब्रेकर, खड्डे हे सगळं तोवर झालेलं असतं. मग खंबाटकी उतरल्यावर एकदा. निपाणीला हायवे सोडून आजऱ्याकडे वळता तिथे एकदा, कारण पुढे आंबोलीची वळणं आहेत आणि वळणांवर बोर्ड वर नाही, बाजूला ओढला जातो. आंबोलीत थांबाल तर गाडी सोडून लांब जाऊ नका, तिथल्या माकडांना काळा फोम मोकळा दिसला तर ती ओढणारच. ताम्हिणीतून दिवेआगर-हरिहरेश्वरला जाणाऱ्यांना स्पीडचा प्रश्न कमी आणि झाडांचा जास्त, माणगावच्या पुढे वाड्यांमधून रस्ता अरुंद होतो आणि फांद्या खाली येतात, समोरून एसटी आली की आपण कडेला घेतो आणि नेमकं फांदीखाली जातो.

स्पीड ८० च्या वर नेऊ नका, हे मी कितीही सांगितलं तरी कोल्हापूर रोडवर तुम्ही नेणार, तर निदान हिशोब माहिती असू द्या. वाऱ्याचा जोर स्पीडच्या वर्गाने वाढतो, ८० चे १०० केलेत तर स्पीड सव्वापट पण जोर दीडपटीहून जास्त. शंभरला चालेल का, एक्स्प्रेस वेवर तर कारला १०० ची परवानगी आहे, असं म्हणणाऱ्यांनी त्याच एक्स्प्रेस वेवर घाटात ६० ची पाटी आहे हेही वाचावं. कंटेनरला ओव्हरटेक करताना त्याच्या पुढे निघालात की बाजूने एकदम झोत येतो, तेव्हा दोन्ही हात स्टिअरिंगवर.

उन्हाचं लोक विसरतात. एप्रिलमध्ये जेवायला थांबलात, गाडी उन्हात, बोर्ड काळ्या बॅगेत, तर आत मेण वितळून बॅगेला चिकटतं हे किरकोळ, इपॉक्सी बोर्डच्या आत थर्माकोलच्या जातीचा फोम असतो, त्यातली हवा गरम होऊन फुगते आणि वरचा थर फोमपासून सुटतो, बोर्डवर फुगवटा येतो, तो परत बसत नाही. चंदेरी बॅग घ्या, सावली बघून थांबा, जेवण जरा कमी चांगलं मिळालं तरी चालेल. गाडीच्या आत बंद काचांमध्ये ठेवलेला बोर्ड टपावरच्यापेक्षा जास्त तापतो, म्हणून शॉर्टबोर्ड आत घेऊन जाणाऱ्यांनीही हे वाचावं. पावसाचं म्हणाल तर जून-जुलैत बोर्ड घेऊन कोकणात जायचंच नाही, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, कोळी उतरत नाहीत त्या पाण्यात आपण कोण. अवकाळी लागलाच तर सॉफ्ट रॅकच्या पट्ट्यावरून पाणी आत येऊन मांडीवर ठिबकतं, दाराच्या आतल्या बाजूला पट्ट्याला एक दोरा बांधून खाली सोडला की पाणी त्याच्यावरून पायाशी जातं. पाऊस थांबला की पट्टे पुन्हा ओढून बघा.

चालताना टपावरून आवाज बदलला, धडधड ऐकू आली, आरशात बोर्डचं टोक हलताना दिसलं, तर करकचून ब्रेक मारू नका. ॲक्सिलरेटर सोडा, इंडिकेटर द्या, हळूहळू डावीकडे या आणि पूर्ण रस्त्याबाहेर थांबा. खिडकीतून हात काढून बोर्ड धरून ठेवणारा एक तरी मित्र प्रत्येक ग्रुपमध्ये असतो, त्याला हात आत घ्यायला सांगा, ८० च्या वाऱ्याला हाताने अडवता येत नाही आणि बोर्ड गेला तर हातही बरोबर जाईल. बोर्ड रस्त्यावर पडलाच तर तो गेला असं समजा, हायवेवर पळत आणायला जायचं नाही, १०३३ ला फोन लावा, ती राष्ट्रीय महामार्गांची हेल्पलाइन आहे, मागच्या गाड्यांना सावध करता येतं.

पोचल्यावर रात्री बोर्ड टपावर ठेवून झोपू नका, खोलीत घ्या, पट्टा कापायला ब्लेड पुरतं. परतीला बांधायच्या आधी बोर्डची आणि टपाची वाळू धुवा, ती अडकली की परत तोच पॉलिश पेपर. घरी आलात की पट्टे गोड्या पाण्यात बुडवून काढा, बकलची स्प्रिंग मिठाने गंजते आणि मग दात पकडत नाहीत, सावलीत वाळवा. बार काढून ठेवा, उगाच पेट्रोल पितात आणि वाजतात. पट्ट्याच्या कडेचे धागे सुटून केसाळ व्हायला लागले किंवा रंग उडून तो कडक झाला की उन्हाने तो संपलेला असतो, त्याचा कपडे वाळत घालायला उपयोग करा आणि नवीन आणा.